गोळी गिळवत नाही म्हणून दुधातून देताय?

बोईसरच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. मजकूर थोडक्यात असा: मामंजींचं वय अठ्ठ्याहत्तर. दीड वर्षामागे त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, पण आता काठी टेकत ओटीवर येतात. पावसात छातीत कफ झाला, ताप आला, डॉक्टरांनी सात दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळी भली मोठी. "पहिले दोन दिवस कशीबशी घेतली. तिसऱ्या दिवशी चादर झटकताना उशीखाली दोन गोळ्या सापडल्या, अर्ध्यामुर्ध्या चघळून थुंकलेल्या. तेव्हापासून मी खलात कुटून, साखर घालून, पेलाभर दुधातून देते. ते पितात, पण फार ठसका लागतो. आमचे हे फर्स्ट शिफ्टला जातात, दिवसभर घरात मी एकटीच. मी करते ते बरोबर आहे ना?"

बाई, तुमची माया बरोबर आहे. गोळी पोटात गेली पाहिजे हा हट्टही बरोबर. पण खल, दूध आणि ठसका या तिन्हींबद्दल सावकाश बोलायला हवं, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणी हेच करतात आणि कुणाला विचारत नाहीत. विचारायचं काय त्यात, असं वाटतं.

दुधापासूनच सुरुवात करू. आपल्याकडे आजाऱ्याला काहीही द्यायचं झालं की दूध आधी आठवतं. हळद दुधातून, सुंठ दुधातून, मग गोळीही दुधातून. काही गोळ्यांना त्यानं काही होत नाही. ॲमॉक्सिसिलिनचं दुधाशी वाकडं नाही. सेफ्युरोक्झिम नावाचं औषध तर अन्नाबरोबर घेतलं तरच नीट अंगी लागतं. पण सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, आणि टेट्रासायक्लिन ही जुनी गोळी, यांची गोष्ट वेगळी. दुधातलं कॅल्शियम या औषधांना पोटातच धरून ठेवतं. दोघांची जी गाठ पडते ती आतड्यातून रक्तात शिरत नाही, शौचावाटे निघून जाते. म्हणजे तुम्ही गोळी दिलीत, त्यांनी घेतली, आणि औषधाचा बराचसा भाग वाया गेला. ताप उतरत नाही, मग आपण म्हणतो औषध लागू पडलं नाही, डॉक्टर बदला!

दही, ताक, पनीर, कॅल्शियमच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, आणि आम्लपित्तावर घेतो ती पांढरी घट्टसर पातळ औषधं, ही सगळी याच पंक्तीतली. नाचणीतही कॅल्शियम भरपूर असतं, तेव्हा अशा गोळीबरोबर नाचणीची आंबील नको, तांदळाची पेज बरी. वाडा कोलमची मऊ पेज तर आपल्या भागात घरोघरी असतेच. गोळी आणि दूध यांत किती तासांचं अंतर हवं ते औषधागणिक बदलतं. सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी सर्वसाधारणपणे गोळी दुधाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर, असं सांगतात. चहातल्या चमचाभर दुधानं आकाश कोसळत नाही. पेलाभर दूध ही वेगळी गोष्ट.

गंमत पाहा. ज्या गोळीशी आपण घरात असे झगडतो, तिचं मूळ औषध कदाचित आपल्याच दारात तयार झालेलं असतं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आरती ड्रग्जचे कारखाने सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडॅझोलसारख्या औषधांचा कच्चा माल बनवत आले आहेत. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन ल्यूपिनच्या तारापूरच्या कारखान्यात बनत आलं आहे. तिथून पिंपंच्या पिंपं पूड बाहेरगावी जाते, तिच्या गोळ्या वळल्या जातात, पाकिटात भरल्या जातात, आणि एखादी पट्टी फिरून बोईसर स्टेशनाजवळच्या केमिस्टकडे येते. तुमच्यापैकी कित्येकींचे यजमान, भाऊ, दीर तिथं कामाला असतील. त्यांना एकदा विचारा, मेट्रोनिडॅझोलच्या पुडीची चव कशी असते. तोंड वाकडं करून दाखवतील.

ही कडू चवच कुटण्यातली पहिली अडचण. गोळीवर जे गुळगुळीत आवरण असतं ते शोभेसाठी नसतं. पुष्कळदा ते कडूपणा झाकायला असतं. सेफ्युरोक्झिमची गोळी फोडली की कडूपणा तोंडात असा चिकटून बसतो की माणूस पुढचा डोस बघूनच दात आवळतो. साखर, गूळ, मध, काही केल्या जात नाही. काही आवरणं पोटातल्या आम्लापासून औषध जपायला असतात. एरिथ्रोमायसिनच्या काही गोळ्या अशा असतात, त्या फोडल्या तर आम्लातच औषध नासतं. आणि तिसरी जात सर्वांत धोक्याची. दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली गोळी. ती कुटली तर दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं. अशा गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एक्सएल अशी अक्षरं असतात. कधी ओडी असतं. इथं एक घोटाळा होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ओडी लिहिलं तर अर्थ 'दिवसातून एकदा'. पण पट्टीवर छापलेल्या नावातच ओडी असेल, तर ती गोळी बहुधा हळू विरघळणारी. अक्षरं तीच, अर्थ दोन. तेव्हा नावाला असं शेपूट दिसलं की खल खाली ठेवायचा.

आणि हो, घरातल्या ज्या बाईला पेनिसिलिन चालत नाही, अंगावर गांधी उठतात, तिनं ॲमॉक्सिसिलिनची गोळी कुटूसुद्धा नये. पूड उडते, नाकात जाते.

आमच्या भगिनीनं पत्रात गोळीचं नाव लिहिलेलं नाही, आणि सगळी गोम नावातच आहे. म्हणून पहिलं काम: पट्टी हातात घेऊन केमिस्टकडे किंवा डॉक्टरांकडे जायचं आणि सरळ विचारायचं, "ही फोडून चालेल का? हेच औषध दुसऱ्या रूपात मिळतं का?" पुष्कळ वेळा मिळतं. पातळ मिळतं, किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळते. तिच्या नावापुढे डीटी असतं. ॲमॉक्सिसिलिन आणि सेफिक्झिम अशा रूपात सहज मिळतात. चमचाभर पाण्यात टाकली की क्षणात विरघळते, वरून चमच्यात पुन्हा थोडं पाणी घालून तळाचा गाळही पाजायचा. डॉक्टरांच्या दवाखान्यात पन्नास माणसं बसलेली असतात, त्यांना आपण होऊन कसं कळणार की मामंजींना गोळी गिळवत नाही? आपणच सांगायला हवं. लिहून द्यायच्या आधी सांगितलंत तर उत्तम.

मात्र पातळ औषध मिळालं म्हणून गोळीचा हिशेब आपला आपण करू नका. एक उदाहरण देते. ६२५ ची जी प्रसिद्ध मोठी गोळी, तिच्यात ५०० मिलिग्रॅम ॲमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लाव्ह्युलानिक ॲसिड असतं. मुलांच्या २२८.५ च्या पातळ औषधात दर ५ मिलिलिटरला २०० आणि २८.५. म्हणजे दोन औषधांचं आपसातलं प्रमाणच निराळं. पावणेतीन चमचे म्हणजे एक गोळी, असा बाजारहिशेब इथं लागू पडत नाही. ३७५ च्या दोन गोळ्याही ६२५ च्या एकीऐवजी द्यायच्या नाहीत, कारण तिच्यातही क्लाव्ह्युलानिक ॲसिड १२५ च असतं, दोन घेतल्या की ते दुप्पट होतं आणि जुलाब लागतात. डोस डॉक्टरांनीच लिहून द्यायचा. मधुमेह असेल तर तेही सांगायचं, कारण पातळ औषधांत बहुधा साखर असते.

मेट्रोनिडॅझोलची गोळी जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर घ्यायची असते. त्याच औषधाचं पातळ रूप मात्र जेवणाआधी तासभर, रिकाम्या पोटी चांगलं लागू पडतं. रूप बदललं की वेळही बदलते, म्हणून केमिस्टनं बाटली बदलून दिली तर जेवणाचं पुन्हा विचारून घ्या.

बाटलीतल्या कोरड्या पुडीत पाणी घालण्याचं काम सोपं वाटतं आणि तिथंच गफलत होते. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं. गरम नाही, कोमटही नाही. आधी बाटली उलटी-सुलटी करून तळाला बसलेली पूड मोकळी करा. मग खुणेच्या निम्मं पाणी घालून जोरात हलवा, गुठळी राहू देऊ नका. फेस खाली बसला की खुणेपर्यंत पाणी भरा, पुन्हा हलवा. फेसालाच पाणी समजून थांबलात तर औषध जास्त कडक होतं. दर डोसाच्या आधी बाटली हलवायची. न हलवता दिलं तर पहिल्या दिवशी पाणी आणि शेवटच्या दिवशी सगळं औषध अशी गत होते. माप बाटलीबरोबर आलेल्या टोपीचं किंवा पिचकारीचं. स्वयंपाकघरातला चमचा नको, दोन घरांतले चमचे सारखे नसतात. ॲमॉक्सिसिलिन-क्लाव्ह्युलानिक ॲसिडची पाणी घातलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि सात दिवसांत संपवायची. बर्फाच्या कप्प्यात नाही. उलट क्लॅरिथ्रोमायसिनचं पातळ औषध फ्रिजमध्ये ठेवू नये, ते घट्ट होतं आणि जास्त कडू लागतं. घरात फ्रिज नसेल, किंवा वीज तासन्‌तास जात असेल, तर तसं सांगा. डीटी गोळी हा अशा घरासाठी चांगला मार्ग.

आता धडधाकट माणसांचं. ज्यांचं गिळणं ठीक आहे, फक्त गोळी म्हटली की घसा आवळतो, अशी माणसं घरोघर असतात. आपल्याला लहानपणापासून भांड्याला ओठ न लावता वरून पाणी प्यायची सवय. मान मागे टाकायची, गोळी जिभेवर, वरून पाण्याची धार. गोळी गिळायला ही पद्धत सगळ्यांत वाईट. मान मागे गेली की घसा ताणला जातो आणि कॅप्सूल तर पाण्यावर तरंगून पुढे दातांकडेच येते. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१४ साली यावर प्रयोग करून दोन युक्त्या प्रसिद्ध केल्या. कॅप्सूल असेल तर ती जिभेवर ठेवायची, पाण्याचा मध्यम घोट तोंडात घ्यायचा आणि हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं. कॅप्सूल तरंगत आपोआप घशाकडे जाते. गोळी असेल तर पाण्यानं भरलेली मऊ प्लास्टिकची बाटली घ्यायची, गोळी जिभेवर, बाटलीच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून पाणी चोखून ओढायचं, आत हवा न शिरू देता. बाटली चेपत जाते आणि गोळी पाण्याबरोबर निघून जाते. ज्यांना गोळीचा त्रास होता त्यांच्यापैकी बहुतेकांना यानं सोपं गेलं. गोळीआधी दोन घोट पाणी पिऊन तोंड ओलं करून घ्या, हेही विसरू नका. कोरड्या जिभेला गोळी चिकटते.

पिकलेल्या वेलची केळ्याच्या घासात गोळी लपवून देता येते. चिकूही मऊ असतो, डहाणू-घोलवडच्या चिकूला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण बिया नीट काढा, आणि वाटीभर गरात औषध कालवू नका. वाटी अर्धी राहिली की डोसही अर्धा राहतो. एक चमचा गर, त्यात सगळी गोळी, आणि तो संपल्यावर मग नुसता गर हवा तेवढा.

या साऱ्या युक्त्या मामंजींसाठी मात्र नाहीत. बाटलीची युक्ती तर मुळीच नको. ज्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे त्याला गोळी गिळवत नाही ही तक्रार गोळीची नसतेच, गिळण्याची असते. अन्ननलिका आणि श्वासनलिका शेजारी शेजारी. आपण गिळतो तेव्हा श्वासनलिकेचं झाकण वेळेवर मिटतं. झटक्यानं तोंडाचे, घशाचे स्नायू लुळे पडले की झाकण उशिरा मिटतं आणि घोटातला थोडा भाग छातीत उतरतो. कधी ठसका लागतो. कधी लागतही नाही, गुपचूप उतरतो. त्यातून छातीत न्यूमोनिया होतो.

आता पत्र पुन्हा वाचा. छातीत कफ, आणि दूध पिताना ठसका. या दोन वेगळ्या तक्रारी असतीलच असं नाही. कफ झाला म्हणून गोळी दिली, गोळी गिळवत नाही म्हणून पातळ दुधातून दिली, आणि तेच दूध पुडीसकट थोडं थोडं छातीत जात असेल, तर औषधच आजार वाढवत असेल. पाणी, दूध, चहा यांसारखे पातळ पदार्थ अशा माणसाला सगळ्यांत अवघड, कारण ते घशात झरकन पळतात. घट्टसर पेज, मऊ खिमट, कुस्करलेलं केळं सावकाश सरकतं, ते बरं.

घरात असं माणूस असेल तर पुढच्या खुणांकडे लक्ष द्या. पाणी पिताना ठसका. गिळल्यावर आवाज घोगरा, ओला, गुळणी धरून बोलल्यासारखा. तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळ. जेवण झाल्यावर गालात साठलेला घास. जेवायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ. वजन घटणं. आणि वरचेवर छातीत कफ. यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा, "गिळताना ठसका लागतो." गिळण्याची तपासणी करणारे, वाचेवर उपचार करणारे तज्ज्ञ असतात, त्यांना स्पीच थेरपिस्ट म्हणतात. मोठ्या रुग्णालयात ते भेटतात. कोणता पदार्थ किती घट्ट द्यायचा, मान कशी ठेवायची, हे ते माणूस पाहून सांगतात. बोईसरहून लोकलनं एक दिवस जाईल, पण जाऊन या. काही वेळा डॉक्टर गोळी बंद करून इंजेक्शनानं औषध देतात, तेही याच कारणानं.

तोवर घरात एवढं करा. पलंगावर अर्धवट निजवून काही देऊ नका. खुर्चीवर ताठ बसवा, पाय जमिनीला टेकलेले, हनुवटी किंचित खाली. सुस्त असतील, डोळ्यांवर झापड असेल, तर पाण्याचा थेंबही नको. टीव्ही बंद, गप्पा बंद. लहान चमच्यानं, तोंडाच्या धड बाजूनं एकेक घास. कंठमणी वर जाऊन खाली आला म्हणजे गिळलं, मगच दुसरा. शेवटी तोंड उघडायला लावून गालात काही राहिलं का पाहा. गोळ्या उशीखाली सापडतात त्या अशाच गालात राहिलेल्या. नंतर अर्धा तास बसवूनच ठेवा. आणि रोज रात्री कवळी काढून धुवा, दात-हिरड्या स्वच्छ करा. घाणेरड्या तोंडातली लाळ छातीत गेली तर जास्त अपाय होतो. श्वास लागला, ओठ निळसर झाले, किंवा माणूस एकदम गळून गेलं, तर शेजारणीला हाक मारायची आणि १०८ ला फोन करायचा, यजमान पाळीवरून यायची वाट बघायची नाही.

नाकातून नळी घातलेल्या आजाऱ्याला नळीतून गोळी देणं हा आणखी वेगळा विषय. कोणतं औषध नळीतून चालतं, कोणतं नळी बुजवतं, हे दवाखान्यातल्या परिचारिकेकडून हातानं करून शिकल्याशिवाय घरी करू नका.

गिळायला त्रास नसलेल्यांनाही एक कॅप्सूल दगा देते, आणि ती आपल्या भागात पावसाळ्यात फार दिली जाते. डॉक्सिसायक्लिन. आवणीच्या दिवसांत पालघर, केळवे, सफाळे, मनोर इकडच्या बायका दिवस दिवस चिखलपाण्यात उभ्या असतात. पायाला चिरा. उंदरांच्या मुतानं दूषित पाणी त्या चिरांतून आत जातं आणि लेप्टोचा ताप येतो. त्यासाठी आरोग्य केंद्रातून हे औषध देतात. दिवसभर वाकून थकलेली बाई रात्री भाकरी खाऊन, घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल टाकून आडवी होते. घोटभर पाण्यानं कॅप्सूल छातीच्या मध्यावर अडकते, तिथंच विरघळते, आणि औषध आम्लधर्मी असल्यानं अन्ननलिकेला भाजल्यासारखी जखम करते. सकाळी छातीत अशी कळ येते की घरचे हृदयविकार समजून घाबरतात. पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं. टाळायला काही पैसे पडत नाहीत. जेवणानंतर, उभ्यानं किंवा ताठ बसून, पेला भरून पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. झोपायच्या तोंडाशी तर नकोच. गरोदर बाईनं आणि लहान मुलांच्या आईनं डॉक्टरांना आधी सांगावं, त्यांच्यासाठी ते बहुधा दुसरं औषध निवडतात.

मुलांबद्दल थोडकं. नाक दाबून औषध ओतू नका, तेच छातीत जायचं. पिचकारीनं गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. वर्षाच्या आतल्या मुलाला मधातून काही देऊ नका. दुधाच्या बाटलीत औषध मिसळू नका, बाटली अर्धी टाकली की डोस कळत नाही आणि मूल दूधही सोडतं. औषधाला 'चॉकलेट' म्हणू नका, एखादे दिवशी बाटली त्याच्या हाताला लागते.

क्षयाच्या आजाऱ्याला सरकारी उपचारात वजनाप्रमाणे रोज कित्येक गोळ्या एकदम घ्याव्या लागतात. तळहातावर ढीग बघून पोटात गोळा येतो. एकेक करून सावकाश घ्या, पण एकाच बैठकीला. दोन सकाळी, दोन रात्री असं वाटून घ्यायचं नाही. रिफाम्पिसिन उपाशी पोटी चांगलं अंगी लागतं. लघवी केशरी होते, त्यानं घाबरू नका. मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या या उपचारात मोफत मिळतात.

वेळेचं सांगायचं तर आमच्या बोईसरच्या भगिनींना घड्याळाची गरजच नाही. आठ तासांनी एक, असं औषध असेल तर कारखान्याच्या पाळीशी जोडा. पाळी सुटली की डोस. बारा तासांचं असेल तर सकाळी पाणी येतं तेव्हा आणि रात्री जेवणाआधी. कॅलेंडरवर फुली मारत जा, म्हणजे सासूबाईंनी दिलं की सुनेनं, असा वाद राहत नाही. ओकारी झाली तर आपण होऊन दुसरा डोस देऊ नका, किती वेळानं झाली ते पाहून डॉक्टरांना विचारा.

ताप उतरला म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके द्यायच्या. आणि गिळवल्या नाहीत म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात जपून, पुढच्या वर्षी धाकट्या जावेच्या खोकल्याला द्यायच्या नाहीत. २०१६ पासून अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी तांबडी रेघ असते. तिचा अर्थ, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही. बरीचशी जोरकस अँटिबायोटिक्स देताना केमिस्टला वहीत नोंद ठेवावी लागते, हा नियम २०१४ चा. म्हणून केमिस्टनं नाव, डॉक्टरचं नाव विचारलं तर रागावू नका.

सात दिवसांनी बाटलीत उरलेलं औषध मोरीत ओतू नका. सांडपाण्यातून ते खाडीत जातं, आणि आपल्या खाडीत कारखान्यांचं आधीच पुष्कळ उतरलेलं आहे. बाटलीतलं औषध चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवून, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात द्या. गोळ्या पट्टीतून काढून त्याच चोथ्यात. बाटलीवरचं नाव खरवडून टाका, रिकामी बाटली भंगारवाल्याला चालते.